एक पाऊस खाल्लेली राख

आमच्या कृषी केंद्राच्या फाटकापाशी निळा फलक आहे. वर पिवळ्या अक्षरांत मोठ्ठं लिहिलंय, ‘अंजीर रोपनिर्मितीची काकासाहेब पद्धत’. खाली सहा ओळींत कृती आणि कोपऱ्यात रुजलेल्या काडीचा फोटो. मला निवृत्त होऊन चौदा महिने झाले, पण श्रीगोंद्याच्या बाजाराला जाताना एसटी त्या फाटकावरूनच जाते आणि दर आठवड्याला माझं डोकं फिरतं. काकासाहेब आमचे संचालक. सतरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली रोपवाटिका सांभाळली. त्या सतरा वर्षांत त्यांनी अंजिराची एक काडी स्वतःच्या हातानं मातीत खोचलेली मी पाहिली नाही. फीत कापायची असली की कात्री मात्र झकास धरायचे.

बरं, ती कृती तरी पूर्ण असावी. सहा ओळी आहेत, सातवी नाही. लोक त्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून नेतात, घरी जाऊन काड्या लावतात, त्या जळून जातात आणि ते स्वतःच्या नशिबाला बोल लावतात. सातवी ओळ कुठं गेली ते मला ठाऊक आहे. ती मी गाळली. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर निवृत्त माणसानं सकाळी फिरून यावं, पेपर वाचावा आणि गप्प राहावं.

ही पद्धत बनुबाईंची. बनुबाई आमच्याकडे रोजंदारीवर पिशव्या भरायला होत्या. मूळच्या पाथर्डीकडच्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, तरी नोकरीत असताना मी त्यांना ‘बनुबाई, तू इकडं ये’ असंच म्हणायचो. सगळेच म्हणायचे. इथं लिहिताना अहो-जाहो करतोय, तेही आता सुचलंय.

लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्या आणि त्यांचे मालक पुंजाराम ऊसतोडीला यायचे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतलं एकच कुणी असेल तर तो अर्धा कोयता. असे अठ्ठावीस हंगाम त्यांनी काढले, दसऱ्यानंतर यायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जायचं. त्यांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या खोपट्या, साखर कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून पडायच्या. कुंपणापलीकडं राखेचा डोंगर. कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याची ती काळी, हलकी राख. वारं सुटलं की ती भाकरीवर पडायची, हंड्यातल्या पाण्यावर तरंगायची, झोळीतल्या लेकराच्या नाकात जायची. गावातल्या लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते म्हणून इथं मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, फोटो छापून आले. कोपीतल्या भाकरीसाठी कुणी निवेदन दिल्याचं मला आठवत नाही. मीही दिलं नाही. माझी शेती त्याच कारखान्याला ऊस घालते.

मग एका हंगामात उसाचा ट्रेलर घसरला आणि पुंजारामांचा पाय त्याच्या चाकाखाली गेला. पाय वाचला, पण गुडघा वाकेना. कोयता मोडला. मुकादम दुसरं जोडपं बघून मोकळा झाला. गावाकडं पाणी नाही, शेत म्हणजे नुसता खडक. तेव्हा बनुबाई आमच्या फाटकावर येऊन काम मागत उभ्या राहिल्या, आणि काकासाहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. ते खरं आहे, ते मी नाकारत नाही. पंपघरामागची एक खोलीही दिली. पत्र्याची, पण भिंती पक्क्या, दाराशी नळ. बनुबाईंच्या लेखी त्या खोलीत सगळं आलं. काम आहे तोवर खोली, आणि खोली आहे तोवर कोयता नाही. पुंजाराम दारात पाय लांब करून बसायचे आणि काड्यांच्या जुड्या सुतळीनं बांधून द्यायचे. काकासाहेब दर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली सांगायचे, बनुबाईला आपण माळी म्हणून कायम करणार आहोत. अशा चौदा झेंडावंदनांना मी ते ऐकलं.

अंजिराचं काम सुरू झालं त्या वर्षीचा प्रश्न साधा होता: काडी कशात रुजवायची. पुरंदरकडं अंजीर पिकतं तर आपल्याकडं का नको, असं वरून ठरलं होतं. आम्ही चार वाफे केले आणि चारीत चार तऱ्हांची माती भरली. पहिल्यात कोकोपीट, नारळाच्या काथ्याचा भुगा, तो काकासाहेबांनी एका प्रदर्शनात पाहून थेट दक्षिणेतून मागवला. वरून कोरडा दिसला की मजूर पाणी मारायचे, खाली तो चिंब असायचा. काड्या बुडातून कुजल्या. दुसऱ्यात प्रेसमड, कारखान्यातली गाळणीची मळी. आमच्या भागात घरात पोरगं झालं तरी त्याच्या पायाखाली प्रेसमड टाकतील इतका त्याच्यावर विश्वास. ती मळी आतल्या आत तापली आणि काड्या उकडून निघाल्या. तिसऱ्यात आमची काळी माती आणि शेणखत. पाणी दिलं की चिखल, नाही दिलं की भेगा. चौथ्यात नुसती वाळू. ती त्यातल्या त्यात बरी, पण आमच्याकडचं वारं असं की दुपारी बारापर्यंत वाळू खडखडीत. शंभरात आठ-दहा काड्या लागल्या. काकासाहेबांनी अहवालात लिहायला सांगितलं की येथील हवामान अंजिरास प्रतिकूल आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

त्याच सुमारास पंपघरामागं मला तेलाचे कापलेले चार डबे दिसले. त्यांत बारा काड्या, बाराही हिरव्या. मी एक उपसली. बुडाला शेवयांचा गुंता असावा तशी पांढरी मुळी. मातीला हात लावला तर काळी, भुसभुशीत, हलकी.

‘‘बनुबाई, ही कसली माती?’’

‘‘राख हाय, भाऊसाहेब. फॅक्टरीची.’’

‘‘तुला कुणी सांगितलं राखेत लावायला?’’

‘‘कुनी न्हाई. बघितलं.’’

मग त्यांनी सांगितलं. कारखान्याच्या अतिथीगृहापुढं अंजिराचं जुनं झाड होतं. माळी छाटलेल्या फांद्या कुंपणाकडच्या राखेवर फेकायचा. बनुबाई जळणासाठी त्या वेचायच्या. जुन्या ढिगावर पडलेली काडी ओढली की ती येईना, खाली मुळी धरलेली. चार हातांवरच्या नव्या ढिगावर पडलेली काडी मात्र काळी पडून वाळलेली. झाड तेच, माळी तोच, आठवडाही तोच. जी गोष्ट कळायला आम्हाला चार वाफे आणि एक अहवाल लागला आणि तरीही कळली नाही, ती या बाईंना चुलीसाठी काटक्या वेचताना कळली होती.

मी वही काढली. सरकारी छापाची, पुठ्ठ्याची. बनुबाई सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. काडी पेन्सिलीएवढ्या जाडीची, चार डोळ्यांची. कापल्यावर चीक गळतो, तर दुपारभर सावलीत उभी ठेवून चीक वाळू द्यायचा. दोन घमेली राख, एक घमेलं वाळू. दोन डोळे आत, दोन बाहेर. वर गोणपाटाची सावली. पाणी तिसऱ्या दिवशी, हातानं शिंपडून.

‘‘आन राख तळची घ्यायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जुन्या ढिगाची. राखंनं एक पाऊस खाल्ला पायजे. पावसाळाभर उघड्यावर पडली की तिच्यातला जाळ पान्यासंगं निघून जातो. ताजी राख काडीला खाती. घ्यायच्या आधी चिमूटभर जिभंला लावून बघायची. खारट लागली तर टाकून द्यायची.’’

हे मी लिहिलं नाही. आता कुणी विचारलं का, तर सांगतो. मी कृषी पदविका पहिल्या वर्गात पास झालेला माणूस. राख पाऊस खाते, ती जिभेला लावायची, हे मी वहीत लिहिलं असतं आणि वही काकासाहेबांच्या टेबलावर गेली असती, तर ते हसले असते. मला हसले असते. बाकीचं सगळं मोजता येण्याजोगं होतं, डोळे, घमेली, दिवस. हे एवढं मला बायकांचं बोलणं वाटलं. मी मान डोलावली, ‘बरं बरं’ म्हणालो आणि वही मिटली. राखेतला खार पावसानं धुऊन जातो, खारट माती कोवळ्या मुळीला जाळते, हे कुठल्याही शाळकरी पोराला समजावं. मला समजलं नाही, कारण सांगणारीच्या डोक्यावर घमेलं होतं.

पुढची बारा वर्षं काहीच बिघडलं नाही. राख बनुबाईच आणायच्या. मागच्या बाजूनं जुना ढीग उकरून, चाखून, दोन-दोन घमेली. शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी काड्या लागायच्या. शेतकरी यायचे, रोपं न्यायचे, काकासाहेबांचं नाव घ्यायचे. करोनाच्या आदल्या वर्षी काकासाहेबांनी माझी वही मागून घेतली आणि तिच्यावरून सोळा पानांची पुस्तिका छापून आणली. मुखपृष्ठावर पिशवीत काडी लावणारे दोन हात. हिरव्या बांगड्या, नखांत काळी राख. मनगटाच्या वर फोटो कापलेला आणि तिथं काकासाहेबांचं नाव. आत प्रस्तावनेत ‘अथक संशोधनातून’ असे शब्द होते. आभाराच्या यादीत छापखान्याचं नाव होतं, माझं होतं, बनुबाईंचं नव्हतं. मी पुस्तिका नेऊन त्यांना दाखवली. त्यांनी हात ओळखले. म्हणाल्या, ‘‘बांगड्या माज्याच हायेत.’’ पुंजाराम मात्र बराच वेळ ते पान उलटसुलट करत बसले होते, बाकीची बाई कुठं दिसते का ते बघत.

मला राग आला होता का? आला होता. पण आभारांच्या यादीत स्वतःचं नाव पाहून माणसाचा राग किती मऊ होतो ते मला त्या दिवशी कळलं.

करोना ओसरला त्या वर्षी मोठी योजना आली. वीस हजार अंजिराची रोपं, पाच तालुक्यांत वाटायची. काकासाहेबांनी जानेवारीत मुहूर्त काढला. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, आसपासचे चाळीस-पन्नास शेतकरी बोलावले. वीस हजार पिशव्यांना दोन-दोन घमेली उकरून राख पुरणार नाही म्हणून त्यांनी कारखान्याला फोन केला. हंगाम ऐन भरात होता. सकाळी अकराला टिपर आला आणि मांडवापुढं त्यानं राखेचा ढीग ओतला. आदल्या दिवशी बॉयलरमधून निघालेली राख. आत हात घातला तर कोमट लागत होती.

बनुबाई घमेलं घेऊन पुढं गेल्या. ढिगापाशी थांबल्या. चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत बाजूला थुंकल्या.

‘‘सायेब, ही राख न्हाई चालायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ताजी हाय. हिनं पाऊस खाल्ला न्हाई. समद्या काड्या जळतील.’’

मांडवात कुणीतरी हसलं. काकासाहेबांच्या हातात माईक होता. त्यांनी तो जरा बाजूला धरला, पण आवाज पोचायचा तो पोचलाच.

‘‘अगं बाई, राख काय पाऊस खाते? तू पिशव्या भर.’’

‘‘जळतील, सायेब.’’

काकासाहेबांनी टेबलावरची पुस्तिका उचलली. ‘‘हे बघ. दोन भाग राख, एक भाग वाळू. यात पाऊस कुठं लिहिलाय?’’ मग ते माझ्याकडं वळले. ‘‘आदिनाथ, तुमच्या वहीवरून छापलंय हे. पावसाचं काही लिहिलंय का त्यात?’’

बनुबाई माझ्याकडं बघत होत्या. मांडव बघत होता.

‘‘नाही, साहेब,’’ मी म्हणालो.

शब्दशः खरं होतं ते. वहीत नव्हतंच. त्याच श्वासात आणखी एक वाक्य बोलता आलं असतं, की बाईंनी सांगितलं होतं, मीच लिहिलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी मूग गिळून उभा राहिलो. बनुबाईंनी घमेलं भरलं आणि वाळूच्या ढिगाकडं चालू लागल्या. दिवसभर त्यांनीच पिशव्या भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या. जे जळणार आहे ते स्वतःच्या हातानं भरायचं, रोज भरायचं, कारण संध्याकाळी जायचं ते त्याच केंद्राच्या खोलीत.

फेब्रुवारीच्या अखेरीस वीस हजारांतल्या चारशेही काड्या जिवंत नव्हत्या. डोळे फुटले, दोन बोटं पालवी आली, आणि मग पानं कडेनं करपत आत गेली. उपसून पाहिलं तर बुडं काळी. बनुबाईंनी त्यांची एक जुडी करून माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली होती. कुणी ठेवली ते विचारायची गरज नव्हती.

मग चौकशी. पुण्याहून तिघं जण आले. दोन तास पाहणी, मग जेवण, मग बैठक. बैठकीत काकासाहेबांनी सांगितलं की पद्धत सिद्ध आहे, बारा वर्षांचे आकडे आहेत, दोष मजुरांचा. पाणी जास्त घातलं गेलं. त्यातही एक बाई पहिल्या दिवसापासून काम बिघडवायला टपली होती, पन्नास शेतकरी साक्षीला आहेत. ज्या बाईनं पन्नास माणसांसमोर सांगितलं की हे जळेल, तिच्यावरच जाळल्याचा आरोप, आणि पुरावा हाच की तिनं आधी सांगितलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण सहज म्हणून जातो. मी ती फाशी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिली. त्या तिघांतल्या एकानंही बनुबाईंना आत बोलावलं नाही. त्या बाहेर कडुलिंबाखाली सकाळपासून बसून होत्या, बोलावतील म्हणून लुगडं बदलून आल्या होत्या.

अहवालावर पर्यवेक्षक म्हणून माझी सही लागत होती. ‘मजुरांच्या निष्काळजीपणामुळे’ असं वाक्य होतं. मी सही केली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कारण म्हणून हे पुरेसं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितलं. बनुबाई भांडल्या नाहीत असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. काकासाहेबांच्या गाडीसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, ‘‘मी सांगितल्यालं तुमी ऐकलं न्हाई, आन आता माजंच नाव घेता. सायेब, तुमच्या तोंडाला राख लावली तर ती बी खारट लागल.’’ ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि गाडी वळसा घालून गेली. केंद्रात पुढं महिनाभर तेवढंच सांगून लोक हसत होते. पुंजारामांना टेम्पोत बसवताना मी हात द्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात न धरता टेम्पोची कड धरली.

त्याला तीन वर्षं झाली. निवृत्त झालो तेव्हा काकासाहेबांनी मला शाल दिली आणि नारळ दिला. मी काकासाहेबांना नंतर पत्र लिहिलं, फलकावर एक ओळ वाढवा म्हणून. उत्तर नाही. मग यंदा पौषात मला सुप्याहून एका मुलाचा फोन आला. कल्याण नाव. तिथल्या कंपनीत पाळ्या करतो, घरच्या अर्ध्या एकरात अंजीर लावायची हौस. फलक वाचून त्यानं आठशे काड्या लावल्या, आठशेही गेल्या. ‘‘काका, माझं काय चुकलं असंल? मी पाणी पन मापून दिलं.’’ मी म्हणालो, ‘‘तुझं काही चुकलं नाही, बाळा.’’ फोन ठेवला आणि कपाटातून वही काढली.

बनुबाई कुठं असतील हे शोधायला फारसं लागलं नाही. त्याच कारखान्यामागं, त्याच कुंपणाशी. दुपारची जेवणाची वेळ होती. पुंजाराम कोपीच्या दारात पाय लांब करून बसलेले, मला बघून त्यांनी मान फिरवली. बनुबाई उसाच्या फडातून आल्या होत्या. त्रेसष्टाव्या वर्षी, अर्धा कोयता म्हणून. हातावर पाचटाचे ओरखडे, डोक्याला बांधलेल्या फडक्यावर काळी राख. माझ्यासमोर त्यांनी भाकरी सोडली आणि तिच्यावरची राख फुंकून टाकली.

‘‘बसा, भाऊसाहेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘च्या ठेवू का?’’

मी नको म्हणालो. उभ्यानंच सांगून टाकलं. की पावसाचं तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ते लिहिलं नाही. मांडवात विचारलं तेव्हा मी ते बोललो नाही. अहवालावर सही माझी आहे. तुमची खोली माझ्यामुळं गेली. हे सगळं मी आता लिहून काढणार आहे, तुमच्या नावानं छापणार आहे. तीन वर्षं हे शब्द मी जुळवत होतो, आणि ते बाहेर पडायला मिनिटभरही लागलं नाही.

बनुबाई भाकरी चावत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मला ठावं हाय.’’

‘‘काय?’’

‘‘तुमी लिवलं न्हाई ते. मी सांगत हुते, तुमी लिवत हुते. काडी म्हनले, लिवलं. वाळू म्हनले, लिवलं. पाऊस म्हनले, आन तुमचं पेन थांबलं. जिभंला लावायचं म्हनले तवा तर तुमी टोपन बी लावलं. मला वाचता येत न्हाई, भाऊसाहेब. पर पेन चालतंय का थांबलंय, एवढं दिसतं की.’’

‘‘मग तेव्हाच का बोलला नाहीत?’’

‘‘दोनदा सांगू? तुमाला एकदा सांगितलं, तुमी बरं बरं म्हनले.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पुंजाराम इकडं बघायला लागले. ‘‘मांडवात बी मला वाटलं, आता तरी बोलत्याल. म्हनून तुमच्याकडं बघत हुते.’’

काखेतली वही मी समोर धरली. एकशे चाळीस पानांची वही. अंजिरानंतर डाळिंब, लिंबू, सीताफळ, मोगरा, जे जे बनुबाईंनी वाफ्यावर सांगितलं ते मी बारा वर्षं तिच्यात उतरवत आलो होतो. निवृत्तीनंतर तिचं पुस्तक करावं असं माझ्या मनात होतं. मी म्हणालो, अंजिराची चूक दुरुस्त करू, बाकीचं सगळं आहेच यात, तुमच्या नावानंच काढू.

बनुबाईंनी वहीकडं पाहिलं. हात लावला नाही.

‘‘त्यात काय बी न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पेन थांबलं त्या दिवशीच मी ठरवलं. ज्याला समदं नकू, त्याला समदं कशाला सांगायचं. तवापासनं तुमाला मी निम्मंच सांगत आले. डाळिंबाचं निम्मं, लिंबाचं निम्मं. तुमी लिवत गेले.’’

मी पानं उलटली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. ओळी सरळ, समास सोडलेला, आकडे लाल शाईत. कुठल्या पानावर काय नाही, ते मला एकाही पानावर दिसलं नाही. बारा वर्षं मी त्या रोपवाटिकेचा जाणकार म्हणून मिरवलो होतो. लोक अजून मला फोन करतात.

पलीकडून मुकादमाची शिट्टी झाली. बायका उठायला लागल्या. बनुबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधून पुंजारामांच्या हाताशी ठेवली आणि कोपीच्या कुडात खोचलेला कोयता ओढून काढला. मी घाईघाईनं वहीचं कोरं पान उघडलं आणि खिशातून पेन काढलं.

‘‘बनुबाई, आता सांगा,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं सांगा. सगळं लिहितो.’’

त्यांनी पेनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘‘न्हाई,’’ त्या म्हणाल्या, आणि फडाकडं चालू लागल्या.